अंगाचं औषध

माझी मुलगी चालायला लागली त्या वर्षी ती माझ्याजवळ झोपत नव्हती. ती मधल्या खोलीत आजीच्या कुशीत झोपायची आणि मी पलीकडच्या खोलीत, छतापर्यंत रचलेल्या कापसाच्या शेजारी. भाव चढेल तेव्हा विकू म्हणून त्या वर्षांत घरोघरच्या खोल्यांत कापूस असाच कोंबलेला असायचा आणि माणसं उरल्या जागेत राहायची. आमच्या दोघींमध्ये एक मातीची भिंत होती. पलीकडे पोरगी रडली की मी उठून बसायचे आणि ती पुन्हा झोपेपर्यंत तशीच बसून राहायचे. मला कुणी बंदी घातली होती असं नाही. आत्याबाई फक्त आतून म्हणायच्या, "राहू दे वं, मी हाव ना." एवढ्या गोड बोलण्यापुढे कुणाशी आणि कसं भांडायचं, ते मला कळत नव्हतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सुना सासूला अशीच हाक मारतात.

कारण होतं माझा चेहरा. मला लहानपणापासून इसब. कोपराच्या खोबणीत, गुडघ्याच्या मागे, हिवाळ्यात जास्त. बाबांना दमा होता, मला इसब होता, आणि मारेगावच्या आमच्या घरात या दोन्ही गोष्टी पावसाळ्यात छत गळावं तशा गृहीत धरलेल्या होत्या. बाबा कचेरीत कारकून. त्यांनी मला मुकुटबनजवळच्या एका शेतकरी घरात दिलं. माणसं चांगली, कपाशी-तुरीची शेती, नवरा कमी बोलणारा. बाळंतपणानंतर मात्र माझा इसब खोबणीतून बाहेर पडला आणि वर चढला. पापण्या, कपाळ, मान, खांदे. कातडी लाल व्हायची, तिच्यावर कोंडा धरायचा, खाजवलं की पाझरायची. हसलं की ओठाच्या कडेला चीर पडायची. मग मी हसणं कमी केलं आणि मला लोक तुसडी म्हणायला लागले.

शेजारच्या एका बाईनं तर नावच ठेवलं. कपाशीवर लाल्या रोग येतो, पानं लालबुंद होऊन झाड बसतं, तो त्या वर्षी सगळ्यांच्याच वावरात होता. ती पाण्याच्या नळावर म्हणाली, "सुनबाईवर बी लाल्या आला व माय!" सगळ्या खिदळल्या. मीही हसले, नळावर सगळ्या हसत असताना दुसरं काय करणार? घरी येऊन मात्र दार लावून रडले, आणि खारं पाणी गालावरच्या चिरांत गेल्यावर रडणंही सोडून दिलं.

आधी सगळे म्हणत, कापसाची खाज आहे. घरात कापूस भरला की सगळ्यांनाच खाजतं, ते खरंच होतं. नवऱ्याच्या हातावर पुरळ यायचं, आत्याबाईंच्या पाठीवर यायचं, आठवड्यात जायचं. माझं जाईना. नवरा मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणायचा. लावली की चेहरा निवळायचा, मला आरशात माझीच ओळख पटायची. बंद केली की पुन्हा दुप्पट जोमानं उठायचं. आत्याबाई खोबरेल गरम करून त्यात कडुनिंबाचा पाला घालायच्या आणि मला पुढ्यात बसवून मान, खांदे, कपाळ चोळून द्यायच्या. आईनंही इतक्या निगुतीनं कधी चोळलं नव्हतं. मग एक दिवस मी पाहिलं, त्या बोटांनी लावत नव्हत्या. कापसाचा बोळा करून त्यानं लावत होत्या, आणि लावून झाल्यावर बोळा चुलीत टाकत होत्या. तेल मात्र रोज लावून घेत राहिले, कारण दिवसभरात मला कुणी हात लावायचं ते तेवढंच होतं. तोही आता हात नव्हता, बोळा होता.

त्याच सुमाराला पोरगी मधल्या खोलीत गेली. "नायटा असन तं लेकराले लागन," असं आत्याबाई नवऱ्याला म्हणाल्या, आणि तो 'हो' म्हणाला नाही, 'नाही'ही म्हणाला नाही. काही दिवसांनी दूधही सुटलं. सुटलं म्हणजे काय, रात्री जवळ नसलेलं लेकरू आणखी काय करणार? वाटीतून गाईचं दूध प्यायला शिकलं. पुढे पुढे ती माझ्याकडे धावत यायची, पण मध्येच थांबून आधी आजीच्या तोंडाकडे बघायची. दीड वर्षाच्या पोरीला परवानगी म्हणजे काय हे कळायला लागलं होतं. ते पाहिलं आणि मी नवऱ्याला सांगितलं, "मला यवतमाळला घेऊन चला. नाही नेलं तर मी एकटी यष्टीत बसेन."

यवतमाळच्या कातडीच्या डॉक्टरबाईंनी मला खिडकीपाशी उभं केलं. हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, उघड्या बोटांनी. मग मान, मग पाठ. मला हुंदका आला तेव्हा त्यांना वाटलं दुखलं.

"इसबच आहे," त्या म्हणाल्या. "नायटा नाही, गजकर्ण नाही. कुणाला लागत नाही. पण हे असं मानेच्या वर जास्त असतं ना, तेव्हा मला एक शंका येते." त्यांनी रक्त काढायला लावलं, ते बाहेर पाठवलं आणि अहवाल आल्यावर पुन्हा बोलावलं. त्या दुसऱ्या भेटीत त्यांनी समजावून सांगितलं ते मला आजही आठवतं, कारण माझ्या आजाराबद्दल मला कुणी खुर्चीवर बसवून सांगितलेली ती पहिलीच गोष्ट होती. प्रत्येकाच्या कातडीवर एक बारीक यीस्ट राहतं. त्यांच्या, माझ्या, बाहेर केसपेपर लिहिणाऱ्या बाईच्या. ते कातडीच्या तेलावर जगतं. इतरांना त्याचा पत्ताही नसतो. माझ्या अंगानं मात्र त्याच्याशी वैर धरलं होतं, आणि ते यीस्ट असतं तिथं, म्हणजे डोकं, चेहरा, मान, खांदे, तिथं अंग भांडत होतं.

"तेल लावता का?"

"रोज. गरम करून."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्याला जेवायला घालताय तुम्ही. आजपासून बंद."

मला एकदम हसू आलं आणि ओठ फाटला.

मग त्या म्हणाल्या, "यीस्ट म्हणजे बुरशीचीच एक जात. बुरशीवरची गोळी काही आठवडे देऊन बघू. मी खात्री देत नाही. काहींना चांगला गुण येतो, काहींना काहीच येत नाही, आणि आला तरी इसब मुळातून जातो असं नाही. पण तुमचा रिपोर्ट बघता करून बघण्यासारखं आहे. आधी लिव्हरची तपासणी. आणि बाळ अंगावर पितं का?"

मी म्हणाले, "नाही."

"बरं झालं, नाहीतर ही गोळी देता आली नसती."

ते दूध कसं सुटलं ते त्यांना सांगावंसं वाटलं. नवरा शेजारी बसला होता. मी 'बरं झालं' हे दोन शब्द घेऊन बाहेर पडले.

बस वणीला लागली. नवरा खिडकीकडे बघत म्हणाला, "बुरशी म्हन्ली ना ती?"

"लागत नाही असंही म्हणाली."

"हो, पन बुरशी म्हन्ली."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. डॉक्टरबाई शहरातल्या. त्यांनी सोपा म्हणून जो शब्द वापरला तो आमच्या घरात सोपा नव्हता. आमच्या घरात बुरशी म्हणजे बियाण्याला पेरणीआधी चोळायच्या पावडरीचं कारण, एका झाडावर दिसली की अख्खा तास, म्हणजे झाडांची ओळच, घेऊन जाणारी. नवऱ्यानं ओसरीत चप्पल काढता काढता तो शब्द आईला सांगितला. आत्याबाईंनी पोरीला उचलून कडेवर घेतलं.

"पाह्य बरं! मी म्हनतच होतो," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, ती सगळ्यांच्याच अंगावर असते. तुमच्याही. मला तिची ॲलर्जी आहे, एवढंच."

"माह्या अंगावर?" त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "माह्या अंगावर बुरशी? सत्तर पावसाळे काढले म्या, एक फोड नाही आला. लागत नाही त मंग बुरशी कायची व? आन् लागत नाही त औषध कायले देल्लं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांच्या भाषेत नव्हतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बैलाला पाणी दाखवायला गेला. त्या दिवसापासून पोरगी दिवसासुद्धा माझ्याकडे येईना. तिची वाटी वेगळी झाली, तिचं फडकं वेगळ्या दोरीवर वाळायला लागलं. रिपोर्ट चांगले येऊन गोळ्या हातात पडेपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. स्वयंपाक मी करत होते आणि माझ्या हातचं सगळे खात होते, त्यात मात्र बुरशी कुणाला आठवत नव्हती. मी एकदा हे बोलून दाखवलं. आत्याबाईंनी त्या वेळचं जेवण सोडलं आणि नवरा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

आता फोनचं सांगते.

त्या वर्षांत आमच्याकडे 'औषध' या शब्दाला दोन तोंडं होती. वावरात किडीवर मारायचं तेही औषध आणि डॉक्टर देतो तेही औषध. पण कुणी कुणाबद्दल हलक्या आवाजात 'त्यानं औषध घेतलं' असं म्हटलं की पुढचं विचारावं लागत नसे. ऐकणारा उठून चपला शोधायचा. हे वाक्य त्या काळात फार वेळा ऐकू यायचं, एवढंच सांगते. त्याबद्दल बोलायला माझ्यापेक्षा ज्यांना अधिकार आहे अशी घरं आमच्याच गल्लीत आहेत.

पहिली गोळी मी दुपारच्या जेवणावर घेतली. आदल्या रात्री खाजेवरची दुसरी एक गोळी घेतली होती, तिची गुंगी अजून उतरली नव्हती. कितीतरी महिन्यांनी डोळ्याला डोळा लागत होता. मी कापसाच्या खोलीत जाऊन आडवी झाले.

गावात फोन होता तो समोरच्या किराणा दुकानात. बाबांनी मारेगावहून फोन केला, लेकीचं दवाखान्याचं काय झालं ते विचारायला. दुकानदारानं एका हातात रिसिव्हर धरून गल्लीपलीकडे हाक मारली, "अवो, मारेगावचा फोन हाय, सुनबाईले धाडा!"

आत्याबाई अंगणात तूर पाखडत होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "औषध घेतलं तिनं, निजून हाये. मी नाही उठवत."

दुकानात गिऱ्हाईक, गल्लीतून ट्रॅक्टर चाललेला. दुकानदारानं ऐकलं तेवढं फोनमध्ये सांगितलं. "तिनं औषध घेतलं म्हन्ते सासू. निजून हाये. उठत नाही." आणि लाइन गेली. आमच्याकडे लाइन जायचीच. बाबा तिकडे पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिले, आणि इकडे दुकानदार साखर मोजत राहिला.

मला जाग आली ती श्वास कोंडल्यामुळे. कुणीतरी माझे जबडे दोन्ही हातांनी धरले होते आणि तोंड उघडत होतं. मी डोळे उघडले तर अगदी जवळ बाबांचा चेहरा. ते माझं तोंड हुंगत होते. औषधाचा वास येतो का ते बघत होते. त्यांचा दमा उसळला होता, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि तसेच ते ओरडत होते, "मिठाचं पानी आना! कोनी मिठाचं पानी आना! बेटा, काय पेली तू? सांग मले, काय पेली?"

"बाबा, मी झोपले होते."

त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी माझे गाल धरून डोकं हलवलं, पापण्या वर करून पाहिल्या, कपाळाला कपाळ लावलं. माझ्या चेहऱ्याचा पाझर त्यांच्या हातांना, शर्टाला लागत होता. दारात आत्याबाई, त्यांच्या कडेवर पोरगी, मागे बाबांनी मारेगावहून केलेल्या जीपचा ड्रायव्हर, त्याच्यामागे अर्धी गल्ली.

"अवो, अंगाचं औषध!" आत्याबाई किंचाळल्या. "खाजेचं! डाक्टरनं देल्लं ते! काय करून राह्यले तुमी?"

बाबा थांबले. माझ्याकडे पाहिलं, उशाशी पडलेल्या गोळ्यांच्या पाकिटाकडे पाहिलं. पाकीट उचलून उलटसुलट वाचलं. मग तिथेच कापसाच्या ढिगाला टेकून खाली बसले आणि त्यांना रडू फुटलं. माझे बाबा रडतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मीही रडले, आणि या वेळी चिरा चरचरल्या तरी थांबले नाही.

पाणी झालं, चहा झाला. दुकानदार येऊन चारचारदा शपथा घेऊन गेला की तो 'उठवत नाही'च म्हणाला होता. ड्रायव्हरनं वाटेत जीप कशी हाणली ते रंगवून सांगितलं. आता लोक हसायला लागले होते. ज्या गोष्टीनं जीव जायची वेळ आली तिच्यावर हसायची घाई सगळ्यांनाच असते. आत्याबाईही हसल्या आणि बाबांना म्हणाल्या, "पन तुमी बी कसे व्याही! एकडाव इचार तं कराचा, का निरोप खोटा असन म्हून."

बाबा हसले नाहीत. चहाची कपबशी खाली ठेवत म्हणाले, "तेच इचार करून राह्यलो मी, बाई. अख्ख्या रस्त्यानं मले एकदाही वाटलं नाही, का हे खोटं असन."

ते रागानं बोलले नव्हते. तरी आत्याबाईंचं हसू जागच्या जागी राहिलं आणि हळूहळू उतरलं. त्यांनी पदर सारखा केला, पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि उगाचच आत गेल्या.

जीप गेली. मी चुलीपुढे बसले. आत्याबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"खरं सांगजो," त्या म्हणाल्या. "तुया मनात आलतं का तसं कधी?"

आलं नव्हतं. हे मी इथे अगदी स्पष्ट सांगते. माझ्या मनात राग येत होता, पोरीला उचलून मारेगावच्या यष्टीत बसावं असं येत होतं, नवऱ्याला गदागदा हलवावं असं येत होतं. पण मरावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं. 'नाही' म्हणायला क्षण लागला नसता. आत्याबाईंचा आवाज कापत होता, हे मला ऐकू येत होतं. मी चुलीत लाकूड सारलं आणि उत्तर दिलं नाही.

जेवणं झाल्यावर त्यांनी पोरीला आणून माझ्या वाकळीवर ठेवलं. "आईपाशी नीज आता," एवढंच म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं. पोरीनं सवयीनं दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग तिनं माझ्या गालावर हात ठेवला, खरखरीत लागलं म्हणून काढून घेतला, आणि पुन्हा ठेवला. कापसाच्या कुबट वासात ती माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली. मी हलले नाही. खाज उठली तरी हलले नाही.

गोळीचा गुण यायला पुढे कित्येक आठवडे गेले. तेल बंद, डोक्याला औषधी शाम्पू, मलम बेतानं आणि ती गोळी. मान आधी निवळली, मग कपाळ. डॉक्टरबाई खूश झाल्या, पण हे सगळं गोळीचंच श्रेय असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पुढे दोनदा उलटलं, पुन्हा गोळ्या झाल्या. पूर्ण बरं असं काही झालं नाही. आजही हवा बदलली की पापण्या सांगतात. पण हसता येतं.

आत्याबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं मीच करत होते. अंग पुसणं, कूस बदलणं, पाठीला मलम. पोरगी तोवर यवतमाळला कॉलेजात होती. एका दुपारी मी त्यांची पाठ पुसत असताना त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "आता तरी सांग. आलतं का तवा तुया मनात?"

"नाही, आत्याबाई. कधीच नाही."

मला वाटलं त्यांचा डोळा लागला.

"मंग तवाच काहून नाही सांगतलं? किती दिस झोप नाही आली मले."

"सांगितलं असतं तर पोरगी दिली असती का तुम्ही माझ्याजवळ?"

खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"नसती देल्ली," त्या म्हणाल्या.